विहिरीतली कासवे

अहिल्यानगर जिल्ह्यात कासव पाळायचे ते घरात नव्हे, विहिरीत. दमट जंगलात जमिनीवर राहणारे त्रावणकोर कासव केरळ-कर्नाटकाकडच्या सह्याद्रीतले. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर नगर जिल्ह्याचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेतला, त्यामुळे ते येथले नव्हे. येथे कासव भेटते ते गोदावरी, प्रवरा, मुळा, सीना यांच्या डोहांत आणि तळ्यांत. ओढ्यात सापडलेले असे एखादे कासव आणून विहिरीत सोडण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक गावांत होती. कासव असले की पाणी स्वच्छ राहते, हा त्यामागचा विश्वास. शिवमंदिरात नंदीजवळ बहुधा दगडी कासव असते. त्यामुळे विहिरीतल्या कासवालाही सहसा कोणी इजा करत नसे.

या विश्वासात तथ्य होते, पण थोडे. काळे कासव पाणवनस्पती, किडे आणि मेलेले जीव खाते. मऊ पाठीचे कासव बेडूक, मासे, गोगलगायी टिपते. कुजणारी घाण त्यामुळे कमी होते, रोगजंतू मात्र जात नाहीत. कासवाच्या दृष्टीने ही कैद कठोर होती. मादीला अंडी घालायला कोरडी माती लागते आणि उभ्या बांधीव विहिरीतून तिला वर येता येत नाही. असे कासव वर्षानुवर्षे जगले, तरी त्याचा वंश तेथेच थांबे. पुढचे कासव पुन्हा ओढ्यातूनच आणावे लागे. या चालीची ही बाजू फारशी बोलली जात नाही.

१९७२च्या दुष्काळानंतर कूपनलिका वाढल्या, नळ आले. काही इंच रुंदीच्या बोअरमध्ये कासवाला जागाच नव्हती. उघड्या विहिरींत हिवताप निर्मूलनासाठी गप्पी मासे सोडले जाऊ लागले. त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे मऊ पाठीच्या कासवाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, म्हणजे ते पकडणे गुन्हा ठरले.

विहिरी ओस पडत गेल्या आणि शहरांत काचेच्या पेटीतले स्टार कासव आले. धनलाभाच्या समजुतीने आणलेला हा प्राणी वायव्य आणि आग्नेय भारत तसेच श्रीलंकेच्या कोरड्या झुडपी माळांवरचा. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील एकाच केंद्रातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवे पकडली जात होती. २०१९मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स कराराने त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला. १ एप्रिल २०२३पासून देशातही ते पहिल्या अनुसूचीत आहे. पण असे पेटीतले कासव नगरच्या माळावर सोडून देणे हा उपाय नव्हे. ते मूळचे कुठले हे कळत नाही, आणि पेटीत जडलेला आजार रानातल्या कासवांत पसरू शकतो. म्हणून ते वनविभागाकडेच द्यावे लागते. जुन्या विहिरीचा गाळ काढताना कासव निघाले, तरी कळवायचे त्याच खात्याला, १९२६ या क्रमांकावर.