घर गेले, बाग उरली

वायव्य लंडनमधील डॉलिस हिल लेन हा रस्ता तेथील मराठी मंडळींच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू याच रस्त्यावर आहे. रस्त्यालगत पसरलेल्या ग्लॅडस्टन पार्क या सार्वजनिक उद्यानाच्या उत्तर टोकाला एक जुने घर होते. डॉलिस हिल हाउस हे त्याचे नाव. ऐतिहासिक वास्तूंच्या अधिकृत यादीत त्याची दुसऱ्या श्रेणीत नोंद होती आणि ते वाचविण्यासाठी परिसरातील रहिवाशांनी विश्वस्त संस्था उभारून वर्षानुवर्षे खटपट केली. तरीही जानेवारी २०१२मध्ये हे घर पाडण्यात आले.

घर १८२५चे. फिंच कुटुंबाने ते शेतघर म्हणून बांधले. तेव्हा लंडन शहर येथून बरेच दूर होते आणि टेकडीभोवती शेते व कुरणे होती. १८८०च्या दशकात ते लॉर्ड आणि लेडी अ‍ॅबरडीन यांच्याकडे आले, आणि त्यांचे स्नेही, चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन येथे वरचेवर मुक्कामाला येऊ लागले. राजधानीच्या धकाधकीपासून दूर, पण घोडागाडीने गाठता येईल इतके जवळ, असे हे ठिकाण होते. पुढे अ‍ॅबरडीन कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले. त्यांच्यानंतर येथे राहणारे वृत्तपत्र-मालक ह्यू गिल्झिन रीड यांच्यामुळे १९००च्या उन्हाळ्यात आणखी एक पाहुणा या घरात राहून गेला. तो म्हणजे मार्क ट्वेन. या घराची आणि भोवतीच्या झाडीची त्याने मनापासून स्तुती केली आहे.

त्याच सुमारास लंडनची वस्ती टेकडीपर्यंत येऊन भिडत होती. मोकळी जागा वेळीच राखली नाही तर तीही घरांखाली जाईल, हे ओळखून विल्सडेनच्या स्थानिक प्रशासनाने ही जमीन खरेदी केली. १९०१मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले आणि १८९८मध्ये निधन पावलेल्या ग्लॅडस्टन यांचे नाव त्याला देण्यात आले. घराचे काय करायचे, याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. पहिल्या महायुद्धात तेथे रुग्णालय होते. उद्यानात येणाऱ्यांना तेथे चहापानाची सोयही मिळत असे. दुसऱ्या महायुद्धात या भागाला वेगळेच महत्त्व आले. जवळच्या टपाल खात्याच्या संशोधन केंद्राखाली मंत्रिमंडळासाठी पर्यायी भूमिगत तळघर खोदले गेले आणि त्याच केंद्रात टॉमी फ्लॉवर्स यांनी ‘कोलोसस’ हे संगणकयंत्र घडविले. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

घराची घसरण सुरू झाली ती १९९०च्या दशकात, ते बंद पडल्यावर. १९९५ आणि १९९६ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत त्याला आगी लागल्या. छप्पर गेले, की वीटकामात पाणी मुरते, लाकूड कुजते आणि दुरुस्तीचा खर्च दर पावसाळ्यागणिक वाढतो. हे पुण्यातल्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या मालकाला वेगळे सांगायला नको. घराभोवती कुंपण आले, आधारासाठी लोखंडी सांगाडा उभा राहिला. जीर्णोद्धार करून तेथे उपाहारगृह, सभागृह, सामाजिक उपक्रमांसाठी जागा करावी, असे प्रस्ताव पुढे आले. एकही तडीस गेला नाही.

यामागे अनास्थेपेक्षा अर्थकारण अधिक होते. ब्रिटनमध्ये अशा कामांचा मोठा आधार म्हणजे राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातून मिळणारा वारसा निधी. मात्र हा निधी मिळविताना घर दुरुस्त झाल्यावर ते कोण चालविणार, रोजचा खर्च कशातून भागविणार आणि उरलेली रक्कम कोण देणार, याची उत्तरे द्यावी लागतात. डॉलिस हिल हाउसला चाहते होते, पण भरवशाचा चालक आणि पुरेसा पैसा एकाच वेळी कधीच जुळून आले नाहीत. २०११मध्ये पुन्हा आग लागली आणि पुढच्याच जानेवारीत घर पाडले गेले.

लंडनच्याच पश्चिम भागातील गनर्सबरी पार्कचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. १८३५मध्ये बँकर नेथन रॉथशिल्ड यांनी विकत घेतलेली ही मालमत्ता पुढे स्थानिक प्रशासनांकडे आली, आणि १९२६मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांच्या हस्ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. १९२९मध्ये मोठ्या हवेलीत स्थानिक इतिहासाचे संग्रहालय सुरू झाले, आणि फरक पडला तो येथेच. हवेली झिजली, गळली, पण रिकामी राहिली नाही. इलिंग आणि हाउन्सलो या दोन पालिकांची संयुक्त मालकी असल्याने निर्णय रेंगाळत, तरीही लॉटरी निधीच्या मदतीने काम उभे राहिले. २ कोटी पौंडांहून अधिक खर्चून हवेली व उद्यानाचा काही भाग पूर्ववत करण्यात आला आणि २०१८मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

ही यशोगाथाही निर्भेळ नाही. मोठ्या हवेलीला झळाळी आली, तेव्हा शेजारची छोटी हवेली जीर्णावस्थेतच राहिली. शिवाय देखभालीसाठी उत्पन्न हवे म्हणून उद्यानात मोठे संगीत महोत्सव भरू लागले, तेव्हा गोंगाट, गर्दी आणि तुडविलेल्या हिरवळीवरून रहिवाशांनी नाराजी व्यक्त केली. लोकांसाठी राखलेली जागा टिकविण्यासाठी तीच काही दिवस तिकीटवाल्यांच्या स्वाधीन करावी का, या प्रश्नावर सर्वांना पटेल असे उत्तर कोणत्याच पालिकेला सापडलेले नाही.

ग्लॅडस्टन पार्क मात्र तगून आहे. टेकडीवरून वेम्बली स्टेडियमची कमान दिसते. जुन्या तबेल्याच्या इमारतीला कलादालन म्हणून नवे आयुष्य मिळाले. फ्रेड कॉर्मिस यांनी युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बळींच्या स्मरणार्थ घडविलेली शिल्पे येथेच आहेत. ग्लॅडस्टन यांच्या वडिलांची संपत्ती गुलामांच्या श्रमांवर उभी असल्याने २०२०मध्ये उद्यानाच्या नावावरूनही चर्चा झडली. घर होते त्या जागी आता कंबरेपेक्षाही खुज्या विटांच्या भिंती आहेत. मूळ घराचा आराखडा कळावा म्हणून त्या नव्याने बांधल्या आहेत. फिरायला येणारे त्यावर टेकतात आणि मुले एका ‘खोलीतून’ दुसरीत उड्या मारतात.