मॅजेस्टिकच्या पडद्यावरच्या दोन भाषा

माटुंग्याच्या आर. पी. मसानी रोडवर, म्हणजे जुन्या लोकांच्या कॉलेज बॅक रोडवर, एके काळी पृथ्वीराज कपूर राहत. त्यांचं नाव निघालं की बहुतेकांना 'मुगल-ए-आझम'मधला अकबर आठवतो. मला मात्र गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर आठवतं. १४ मार्च १९३१ रोजी तिथे 'आलम आरा' लागला, हिंदुस्थानातला पहिला बोलपट, आणि त्यात तरुण पृथ्वीराजही होते.

त्या दिवशी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांची तिकिटं काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेली असं सांगतात. दिग्दर्शक अर्देशीर इराणी पारशी, गोष्ट जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकातली. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून बरंचसं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर व्हायचं, आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवलेले असायचे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे माझं लक्ष भाषेकडे जातं. चित्रपट बोलणार तर कोणत्या भाषेत? इराणींनी पारशी नाटकांतून सर्वांच्या कानावर असलेली उर्दू-हिंदुस्तानी निवडली. नायक मात्र मास्टर विठ्ठल, मराठी नाटकमंडळीतून आलेला, मूकपटांतला मोठा तारा. उर्दू बोलणं त्यांना जड जायचं, म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकालाच कमीत कमी संवाद दिले गेले! नायिका जुबेदा. तिची आई फातमा बेगम, हिंदुस्थानातली पहिली स्त्री दिग्दर्शक. १९२६ मध्ये त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला होता. (आमच्या मुलींना हे नाव कोणत्याच धड्यात भेटत नाही.) आणि पहिलं गाणं गायलं वझीर मोहंमद खान यांनी, फकिराच्या भूमिकेत.

पण मॅजेस्टिकची गोष्ट इथे अर्धीच होते. अकरा महिन्यांच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याच थिएटरात 'अयोध्येचा राजा' लागला. व्ही. शांताराम यांचा, प्रभातने कोल्हापुरात काढलेला, मराठीतला पहिला बोलपट. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे त्यात होते. प्रभातने तो हिंदीतही केला होता. म्हणजे एकाच पडद्यावर आधी उर्दू बोलली, मग मराठी. गिरगावच्या प्रेक्षकाने दोन्हींना टाळ्या दिल्या. "तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकी चांगली कशी?" असं अजूनही कौतुकाने विचारणारे भेटतात. त्यांना मी ही दोन वर्षं सांगतो. पालकांपैकी कुणी "मराठी कशाला हवी?" म्हणालं, तर त्यांनाही तीच सांगतो.

१९७० च्या दशकात मॅजेस्टिक पाडलं गेलं. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आलं. केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलमुळे आणि मॅजेस्टिक प्रकाशनामुळे मराठी वाचकाच्या घरात मात्र हे नाव पुस्तकांच्या कपाटात राहिलं. थिएटरचं नाव त्यातूनच ऐकलेले कितीतरी जण असतील.

'अयोध्येचा राजा' आजही पाहता येतो. 'आलम आरा'ची एकही प्रत सापडलेली नाही. काही छायाचित्रं आणि जाहिराती तेवढ्या उरल्या आहेत. जो चित्रपट बोलतो म्हणून गर्दी लोटली, त्याचा आवाज आज कुणालाच ऐकता येत नाही.