चुंबकीय फीत: धावण्याचे आणि थांबण्याचे गणित

‘अनुक्रमिक फाइल’ हा भाग सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. हवी ती नोंद आज क्षणात काढता येते, मग पहिल्या नोंदीपासून ओळीने वाचत जाण्याची पद्धत शिकायची कशाला? ही पद्धत कोणी आवडीने निवडलेली नव्हती, ती यंत्राने लादली होती. त्या यंत्राचा इतिहास समजला की पद्धतीमागचा विचारही समजतो.

कार्डांकडून फितीकडे

मोठ्या कार्यालयांची माहिती पूर्वी पंचकार्डांवर असे. आयबीएमच्या प्रचलित कार्डावर ८० अक्षरे मावत. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना विभागाला युनिव्हॅक हा संगणक मिळाला आणि त्याच्यासोबत युनिसर्व्हो हा टेप ड्राइव्ह आला. त्याची फीत धातूची होती: अर्धा इंच रुंद, फॉस्फर ब्राँझची, वर निकेलचा मुलामा. ती टिकाऊ होती, पण जड होती. आयबीएमने १९५२ मध्ये ७०१ या संगणकाबरोबर ७२६ हा ड्राइव्ह आणला. त्यात लोह ऑक्साइडचा थर दिलेली प्लास्टिकची फीत होती. ती हलकी होती, पण ताण पडला की तुटण्याची भीती होती.

खरी अडचण

पुढचा ड्राइव्ह ७२७. त्याची फीत सेकंदाला ७५ इंच धावे आणि तिच्या एका इंचात २०० अक्षरे बसत. म्हणजे सेकंदाला १५,००० अक्षरे, सुमारे १८७ कार्डांचा मजकूर! पण संगणकाची स्मृती लहान होती. एक नोंद वाचायची, तिच्यावर काम करायचे, मग पुढची मागायची. तोवर फितीने थांबायला हवे.

हिशेब करून पाहा. ७५ इंच म्हणजे सुमारे १.९ मीटर. हा वेग ५ मिलिसेकंदांत गाठायचा असे धरा. लागणारे त्वरण सेकंदवर्गाला ३८० मीटर, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास ३९ पट! २,४०० फूट फीत गुंडाळलेले रीळ असे झटक्यात फिरवणे शक्य नव्हते.

आयबीएमच्या जेम्स वायडेनहॅमर आणि वॉल्टर बुसलिक यांनी यावर निर्वात स्तंभाची युक्ती काढली. रीळ आणि वाचनशीर्ष यांच्या मध्ये एक उभी पोकळी ठेवली. खालून हवा खेचली की फितीचा एक सैल वळसा तिच्यात उतरून राही. पतंग उडवताना आपण फिरकीतून थोडा मांजा आधीच सोडून ठेवतो, तसेच हे. झटका बसे तो फक्त हलक्या वळशाला. वळसा लहान-मोठा झाला की संवेदक ते ओळखत आणि रीळ मागाहून आपल्या गतीने फिरे.

मोकळी जागा आणि गट

तरीही वेग घ्यायला आणि थांबायला थोडी फीत खर्च होतेच. म्हणून दोन नोंदींच्या मध्ये पाऊण इंच कोरी जागा सोडत. ८० अक्षरांची नोंद ०.४ इंचात मावते, म्हणजे प्रत्येक नोंदीमागे १.१५ इंच फीत जाते आणि जवळजवळ दोनतृतीयांश रीळ कोरेच राहते. एका रिळावर जेमतेम २५,००० नोंदी बसतात.

आता दहा नोंदींचा एक गट करा. ४ इंच मजकूर, पाऊण इंच जागा. त्याच रिळावर ६०,००० हून अधिक नोंदी मावतात! यंत्र तेच, फीत तीच, बदलली ती फक्त मांडणी.

जुनी फीत तशीच ठेवा

फितीच्या मध्येच जाऊन एखादी नोंद बदलणे धोक्याचे, कारण शेजारची नोंद पुसली जाऊ शकते. म्हणून पगारासारख्या कामात दिवसाचे व्यवहार आधी क्रमाने लावत. मग जुनी मुख्य फीत आणि व्यवहारांची फीत एकत्र वाचून तिसऱ्या, वेगळ्या फितीवर नवी मुख्य फीत लिहीत. त्यामुळे जुनी आपोआप शाबूत राही. आज रात्री फीत तुटली, तर कालची फीत आणि व्यवहार घेऊन सगळे पुन्हा उभे करता येई. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांच्या फिती जपून ठेवण्याची रीत यातूनच आली. रिळाच्या मागच्या खाचेत प्लास्टिकचे कडे बसवल्याशिवाय ड्राइव्ह फितीवर लिहीतच नसे. हजारो लोकांच्या पगाराचा हिशेब एका चुकीच्या रिळामुळे पुसला जाऊ नये, यासाठीची ही साधी खबरदारी होती.

डिस्क आल्यावर ओळीने वाचण्याची सक्ती संपली. पण गटागटाने वाचणे-लिहिणे, नवे लिहून होईपर्यंत जुने न पुसणे आणि व्यवहारांची नोंद वेगळी ठेवणे या सवयी टिकून आहेत. युनिक्समधल्या ‘टार’ या आज्ञेच्या नावात तर टेप अजूनही आहे. तेव्हा हा भाग जुना म्हणून सोडून देऊ नका.

स्वाध्याय: १९६४ च्या सिस्टिम/३६० मालिकेच्या फितीवर इंचाला ८०० अक्षरे बसत आणि मधली जागा ०.६ इंच असे. वरचा हिशेब या फितीसाठी करा. घनता वाढली तशी गट करण्याची गरज कमी झाली की वाढली? कारण लिहा.