लग्नातली पांढरी साडी : गरिबी नव्हे, स्वाभिमान

बौद्ध मुलीने लग्नात साधी पांढरी साडी नेसायचे म्हटले की पहिला विरोध घरातूनच होतो. "पांढरे नेसून उभी राहणार? लोक काय म्हणतील?" या लोकांची नजर कुठून आली, हे आपण इतिहासात पाहिले पाहिजे.

आपल्या माणसांनी अंगावर काय घालायचे, हे जात ठरवत होती. १९२८ च्या सुमारास इंदूर संस्थानातील गावांत सवर्णांनी बलाई समाजावर हुकूम लादले. जरीकाठी पगडी नको, रंगीत काठाचे धोतर नको, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. सवर्णांच्या लग्नात वाजंत्री मात्र बलाईंनीच वाजवायची! बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात हे उदाहरण दिले आहे.

त्याआधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्याहातातले ढीगभर दागिने टाका, कपडा ठिगळाचा असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, असा त्यांचा सांगावा होता. बायकांनी लगेच नेसण्याची तऱ्हा बदलली. कपडे बदलणे हे तेव्हा बंड होते.

मग डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या अगदी आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाची पद्धत सांगितली. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने भरलेले मातीचे नवे मडके, त्यात सोडलेल्या सुताची दोन टोके दोघांच्या हातात, कुणीतरी मंगलसुत्त म्हणावे आणि दोघांनीही पांढरी वस्त्रे घालावीत. एवढेच!

काही जण विचारतात, महाडला चांगले राहा म्हणणारे बाबासाहेब पुढे साधेपणा का सांगतात? आमच्या मते यात विसंगती नाही. दोन्ही वेळी सांगणे एकच आहे : आपली किंमत दुसऱ्याच्या मापाने मोजू नका. शिवाय ब्राह्मणी रूढीने पांढरा रंग विधवेच्या माथी मारला. तोच रंग वधूने आनंदाने नेसणे म्हणजे स्त्रीला शुभ-अशुभ ठरवणाऱ्या व्यवस्थेला नकार देणे होय.

आज आपल्या वस्त्यांत काय दिसते? मंचावर बुद्धमूर्ती, तोंडी त्रिसरण-पंचशील आणि अंगावर मालिकेतला भरजरी लेहंगा, शेरवानी. कपडे, फोटो, बस्ता यांचा बोजा बहुतेक वेळा मुलीच्या बापावर पडतो. तो कर्ज काढतो आणि धाकट्या बहिणीची फी थकते. ज्या समाजाला 'शिका' हा पहिला मंत्र मिळाला, त्याला हे परवडणारे नाही.

नटण्यावर आमचा राग नाही. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आजही मार खातो, तिथे घोड्यावर बसणे हाच लढा आहे. पण कर्ज काढून केलेला थाट हा लढा नव्हे. आणि पांढऱ्याच्या नावाखाली महागडा पांढरा लेहंगा आणला, तर फक्त रंग बदलला, विचार नाही.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, पांढरी सुती साडी, साधा सदरा-पायजमा निवडा. बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला तेच कपडे पुन्हा घाला. आणि 'लोक काय म्हणतील' असे विचारणाऱ्या आईवडिलांशी भांडू नका. त्यांना महाडचा आणि १९५६ चा हा इतिहास समजावून सांगा.

जय भीम!