कुत्रा रिव्ह्यू लिहीत नाही: कुत्री फिरवण्याच्या धंद्याचा छोटासा इतिहास

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली दोन-चार वाक्यं नीट केलीत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. दुसऱ्यांची कुत्री फिरवायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सकाळी खाली उतरलात, तर हे काम करणारी मुलं आता दिसायला लागलीत. मी दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे कुठलाही धंदा बघितला की माझा पहिला प्रश्न असतो, यात नेमकं बिघडतं कुठे? या धंद्याच्या इतिहासात त्याचं फार छान उत्तर आहे.

चला, न्यूयॉर्कला जाऊ. साल १९६० च्या आसपासचं. जिम बक नावाचा माणूस एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत सेल्समन होता. घरचा खाऊनपिऊन सुखी. त्याने ती नोकरी सोडली आणि मॅनहॅटनच्या श्रीमंत वस्तीत लोकांची कुत्री फिरवायला सुरुवात केली. आपल्याकडे घरी काय ऐकावं लागलं असतं, सांगायला नको! पण त्याने हे काम पहिल्या दिवसापासून धंदा म्हणून केलं. नाव ठेवलं ‘जिम बक्स स्कूल फॉर डॉग्ज’. पुढे त्याच्या हाताखाली वीसहून जास्त माणसं होती आणि रोज शंभराहून जास्त कुत्री फिरायला जायची. हे जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. ४ जुलै २०१३ ला, वयाच्या ८१ व्या वर्षी तो गेला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर मोठा मृत्युलेख छापला. अमेरिकेत या कामाला व्यवसायाचं रूप देणारा पहिला माणूस, अशी त्याची ओळख आहे.

आता धंदा वाढला की रस्त्यावरचा त्रासही वाढतो. शेजाऱ्यांना तुमच्या कुत्र्याचं कौतुक नसतं, त्यांना फुटपाथवर पाय कुठे ठेवायचा याची काळजी असते. १ ऑगस्ट १९७८ पासून न्यूयॉर्कमध्ये कायदा लागू झाला. कुत्र्याने घाण केली तर सोबतच्या माणसाने ती उचलायची, नाहीतर १०० डॉलरपर्यंत दंड. आज पिशवी खिशात घेऊन फिरणं आपल्याला साधं वाटतं, पण त्यासाठी तिथे कायदा करावा लागला.

पुढचा प्रश्न आकड्याचा. एका माणसाच्या हातात किती पट्टे? सॅन फ्रान्सिस्कोने १ जुलै २०१३ पासून, म्हणजे बक गेला त्याच आठवड्यात, नियम लागू केले. एका वेळी चार किंवा जास्त कुत्री फिरवायची असतील तर परवाना हवा, आणि आठच्या वर एकही नाही. शिवाय प्रशिक्षण किंवा अनुभव, विमा, प्रथमोपचाराची पेटी, कुत्र्यांसाठी पाणी.

मग आली ॲप्सची लाट. २०१८ च्या जानेवारीत सॉफ्टबँकेने ‘वॅग’ या कंपनीत ३० कोटी डॉलर ओतले. मालकाला मोबाइलवर कुत्रा कुठे फिरतोय याचा नकाशा दिसायचा. तरी हरवलेल्या कुत्र्यांच्या बातम्या येत राहिल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सॉफ्टबँक तिथून बाहेर पडली. नकाशा रस्ता दाखवतो. पट्टा धरणाऱ्याचं लक्ष कुठे आहे, ते तो दाखवत नाही.

आणि इथेच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. या धंद्यात पैसे देतो एक आणि सेवा घेतो दुसरा. मालक ऑफिसात असतो. कुत्रा रिव्ह्यू लिहीत नाही. चाळीस मिनिटांऐवजी वीसच मिनिटं फिरवलं, तर ते फक्त दोघांनाच माहीत, आणि त्यातला एक बोलत नाही.

म्हणून तुमच्यापैकी कुणी हे काम सुरू करणार असेल, तर आधी गणित मांडा. समजा एका फेरीत चार कुत्री. प्रत्येकाला घरून घ्यायला पाच मिनिटं, परत सोडायला पाच, म्हणजे झाली चाळीस. फिरवणं चाळीस. एक फेरी ८० मिनिटांची. सकाळी साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत दोनच फेऱ्या बसतात, म्हणजे आठ कुत्री. वर वीस मिनिटं उरतात, ती लिफ्ट बंद पडली, पाऊस आला, एखादा आडवा बसला, यासाठी. नववं गिऱ्हाईक आलं की ही वीस मिनिटं तर जातातच, वर आधीच्या आठ जणांच्या वेळेतून चोरीही होते. आणि ती चोरी कुणी पकडणार नाही. एकतर मदतनीस ठेवा, नाहीतर सरळ सांगा, ‘सध्या जागा नाही.’

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. पहिली भेट मालकासमोर. कुत्रा चावरा आहे का, कशाला घाबरतो, कुठल्या डॉक्टरांकडे जातो, हे लिहून घ्या. रेबीजची लस झाली आहे की नाही ते कार्डावर बघा, तोंडी नको. मे महिन्यात डांबर तापलेलं असतं, हाताचा मागचा भाग रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. आणि कुत्रा पट्टा तोडून पळाला, तर मालकाला फोन त्याच मिनिटाला करायचा. सापडल्यावर नव्हे.

लोक तुमच्या हातात घराची किल्ली देतात आणि घरातलाच एक जीव देतात. काम हलकं म्हणणाऱ्यांना हे एकदा सांगून बघा.

तुमच्या सोसायटीत हे काम कोण करतं, त्यांना किती कुत्री सांभाळावी लागतात, एकदा विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!