हिशेबनिसाचा पगार कोणी द्यायचा?

सरकारी अंदाजपत्रकाची स्वतंत्र तपासणी म्हटली की वॉशिंग्टनचा दाखला देतात: १९७४ चा कायदा, १९७५ मध्ये ॲलिस रिव्हलिन यांच्याकडे सोपवलेली अमेरिकी संसदेची अंदाजपत्रक कचेरी. मला अशा तपासणीचे कूळ तंजावरकडे जाताना दिसते.

ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. मोबदला ठरला तो वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. सगळी मेख ‘निव्वळ’मध्ये आहे. वसूल कंपनीचा, वजावट कंपनीची, आणि उरेल त्यावर राजाचा हिस्सा! तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडीचे रुमाल वाड्याच्या बारीकसारीक खर्चाने भरले आहेत. असा दरबार ती वजाबाकी डोळे मिटून मान्य करील, हे मला पटत नाही. राजाचा माणूस आकडे पडताळत असणारच.

नवल पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्यातल्या कंपनीच्या कचेऱ्यांतही हिशेब मराठीत चालत, कारकून बहुतेक देशस्थ. कुंभकोणमचे टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण होण्याआधी मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीतच होते. म्हणजे राजाकडे आणि कंपनीकडे विद्या एकच. फरक फक्त पगार कोणाचा, एवढाच.

हा प्रश्न देशावर आधीच सोडवला होता. पेशवाईत मामलेदाराच्या शेजारी मुजुमदार, फडणीस असे दरकदार बसत. नेमणूक हुजुराची, बहुधा वंशपरंपरेची; मामलेदाराला त्यांना काढता येत नसे, आणि त्याची लबाडी वर कळवणे हे त्यांचे कामच होते. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात ही घडी नोंदवली आहे.

यावर आक्षेप येतो की मुजुमदार हे नावच फारसी, तेव्हा पद्धतही सुलतानांची. नाव उसने आहे, मान्य. व्यंकोजीराजे तंजावरला आले तेही आदिलशाहीचे सरदार म्हणूनच. तंजावर आणि पेशवाई या दोन्ही मराठी कारभारांचे हिशेबी वळण विजापूरचे असेल. पण तपासनिसाला खर्च करणाऱ्याच्या हाताबाहेर ठेवण्याचा दंडक पक्का केला तो मराठी कारभाराने, असे माझे ठाम मत आहे.

हाच दंडक आजही कामाचा आहे. चौदाव्या वित्त आयोगाने आणि २०१७ मध्ये एन. के. सिंह समितीने भारतासाठी अंदाजपत्रक तपासणारी स्वतंत्र राजकोषीय परिषद सुचवली. ती नेमताना अनुदान आणि नेमणुका अर्थमंत्रालयाकडे ठेवू नयेत. दरकदारांसारखी तिची माणसे मंत्र्याला हलवता येऊ नयेत.