भुकेचा वेढा : पहिल्या महायुद्धातील सागरी नाकेबंदी

वेढा म्हटला, की आपणां मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो : तट, बुरूज, दरवाजे आणि भोवती पडलेला लष्कराचा तळ. परंतु कोकण किनाऱ्याच्या इतिहासाने आपणांस आणखी एक धडा दिला आहे. ज्या किल्ल्याची समुद्राकडील वाट मोकळी असते, तो सहसा उपासमारीने शरण येत नाही. मुरूडचा जंजिरा मराठ्यांच्या हाती लागला नाही, त्याचे एक कारण हेच. आता किल्ल्याच्या जागी एक संबंध देश आहे आणि शत्रूने त्याची समुद्रवाटच अडविली आहे, अशी कल्पना करावी. हीच सागरी नाकेबंदी. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची अशी नाकेबंदी केली. तिने युद्धाची दिशा कशी बदलली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करणार आहोत.

ब्रिटन युद्धात उतरले ते ४ ऑगस्ट १९१४ रोजी. पूर्वीच्या काळी शत्रूच्या बंदराबाहेरच लढाऊ जहाजे उभी करून नाकेबंदी होत असे. पाण्यातील सुरुंग आणि पाणबुड्या आल्यावर ते धोक्याचे झाले. म्हणून ब्रिटिश आरमाराने दुरूनच दोन दारे लावून घेतली. एक दार इंग्लंड व फ्रान्स यांमधील डोव्हरच्या सामुद्रधुनीचे, दुसरे स्कॉटलंड आणि नॉर्वे यांमधील विस्तीर्ण समुद्राचे. मुख्य आरमार ऑर्कने बेटांतील स्कापा फ्लो येथे नांगर टाकून होते. जाणारी-येणारी जहाजे थांबवून त्यांची झडती घेतली जाई. हॉलंड, डेन्मार्क यांसारख्या तटस्थ देशांकडे जाणारा मालही तपासला जाई, कारण तो पुढे जर्मनीत जाण्याची शक्यता असे.

कायदा काय सांगत होता? १९०९ च्या लंडन जाहीरनाम्यानुसार अन्नधान्य शत्रूच्या सैन्यासाठी अगर सरकारसाठी जात असेल तरच जप्त करता येई. परंतु ब्रिटनने त्या जाहीरनाम्यास अंतिम मान्यता दिलेली नव्हती. नोव्हेंबर १९१४ मध्ये संपूर्ण उत्तर समुद्र युद्धक्षेत्र म्हणून घोषित झाला. मार्च १९१५ मध्ये, जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यांना प्रत्युत्तर म्हणून, जर्मनीकडे जाणारा व तेथून येणारा सर्वच माल अडविण्याचा हुकूम निघाला. सैनिकाची भाकरी आणि बालकाचे दूध यांतील भेद अशा रीतीने पायरीपायरीने पुसला गेला.

युद्धापूर्वी जर्मनी आपल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश अन्न बाहेरून आणीत असे. गुरांचा चारा आणि शेतीसाठी लागणारा चिलीचा सोराही समुद्रमार्गेच येई. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हवेतील नायट्रोजनपासून खत बनविण्याची युक्ती साधली होती, परंतु तो नायट्रोजन आधी दारूगोळ्याकडे वळविला गेला. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सारा दोष नाकेबंदीचा नव्हता. शेतकरी आणि त्यांचे घोडे आघाडीवर गेले होते, सरकारी वाटपात गोंधळ होता आणि काळा बाजार बोकाळला होता. जानेवारी १९१५ मध्ये बर्लिनमध्ये पावावर शिधापद्धती सुरू झाली. १९१६ च्या पावसाळी शरदात बटाट्याचे पीक रोगाने सडले. त्यानंतरच्या कडाक्याच्या थंडीत शहरांतील गोरगरिबांनी सलगमच्या जातीच्या, एरवी जनावरांपुढे टाकायच्या कंदावर दिवस काढले. जर्मन लोक आजही त्या काळास ‘सलगमचा हिवाळा’ म्हणून ओळखतात.

सैनिकास शिधा प्रथम मिळे आणि शेतकऱ्याच्या घरी काही ना काही उरे. उपाशी राहिली ती शहरांतील कामकरी कुटुंबे, लहान मुले, आणि आश्रमांत व रुग्णालयांत पडून असलेली वृद्ध व आजारी माणसे. ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते, त्यांच्यावरच हे शस्त्र अधिक चालले.

मग युद्धाचा प्रवाह कोठे वळला? ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या समुद्रात दोन्ही आरमारे भिडली. ब्रिटनची चौदा जहाजे बुडाली, जर्मनीची अकरा. ब्रिटनचे सहा हजारांहून अधिक माणूस कामी आले, जर्मनीचे सुमारे अडीच हजार. आकड्यांकडे पाहता सरशी जर्मनीची. परंतु जर्मन आरमार आपल्या बंदरात परतले आणि समुद्राची दारे पूर्वीप्रमाणेच बंद राहिली.

समोरासमोर ही कोंडी फुटत नाही, असे दिसताच जर्मन नौदलाच्या धुरीणांनी पाणबुड्यांवर सारी भिस्त ठेवली. मे १९१५ मध्ये ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज बुडवून त्यांनी सुमारे १,२०० जीव घेतले होते. त्यात अमेरिकनही होते. अमेरिकेच्या निषेधामुळे हे धोरण पुढे आवरते घेतले गेले. आता मात्र त्यांनी हिशेब मांडला, की दरमहा सहा लाख टन जहाजे बुडविली तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकील. १ फेब्रुवारी १९१७ पासून, पूर्वसूचना न देता, तटस्थांचीही जहाजे बुडविण्यास आरंभ झाला. एप्रिलमध्ये आठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली, म्हणजे हिशेब चुकला नव्हता असेच वाटावे. परंतु त्याच महिन्याच्या ६ तारखेस अमेरिका युद्धात उतरली, आणि पुढे व्यापारी जहाजांचे तांडे युद्धनौकांच्या पहाऱ्यात जाऊ लागल्यावर पाणबुड्यांची धार बोथटली. नाकेबंदीने जर्मनीस अशक्त केले खरे. तथापि तिचा निर्णायक परिणाम हा, की तिने जर्मनीस उतावीळ केले आणि त्या उतावीळपणाने नवा बलाढ्य शत्रू ओढवून घेतला.

याच सुमारास, १ ऑगस्ट १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना शांततेचे आवाहन केले. शस्त्रकपात आणि लवाद यांबरोबरच समुद्र सर्वांना मोकळे असावेत, हेही त्यात होते. ते आवाहन फळास आले नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या. नाकेबंदी मात्र थांबली नाही. शस्त्रसंधीच्या सव्विसाव्या कलमाने ती तशीच ठेवली. अन्न पुरविण्याचा विचार करू, एवढे आश्वासन त्यात होते. पुढे व्यापारी जहाजे कोणी द्यावीत, धान्याची किंमत सोन्यात घ्यावी की नाही, या वादात हिवाळा संपला. मार्च १९१९ मध्ये ब्रुसेल्स येथे करार होऊन धान्याची जहाजे सोडण्यात आली. नाकेबंदी पूर्णपणे उठली ती व्हर्सायच्या तहानंतर, १२ जुलै १९१९ रोजी. जर्मन अधिकाऱ्यांनी भुकेच्या बळींचा आकडा ७,६३,००० असा सांगितला होता. पुढील एका अभ्यासाने तो ४,२४,००० वर आणला. कमी आकडा धरला, तरी तो काही लाखांचाच आहे.

त्या वर्षी लंडनमध्ये एग्लंटाईन जेब या इंग्रज बाईंनी ऑस्ट्रियातील उपाशी बालकांची चित्रे छापलेली पत्रके वाटली, म्हणून त्यांना अटक व दंड झाला. मे महिन्यात त्यांनी आपल्या भगिनीसह ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी केली. त्या काथलिक नव्हत्या, तरी पोप महोदयांनी त्यांना भेट दिली. २४ नोव्हेंबर १९१९ च्या परिपत्रकात पोपनी मध्य युरोपातील बालकांसाठी जगभरच्या ख्रिस्तमंदिरांत वर्गणी गोळा करण्यास सांगितले, आणि पुढील वर्षीच्या परिपत्रकात या संस्थेचा नावानिशी गौरव केला.

उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून नागरिकांवर वापरू नये, हा नियम जिनिव्हा करारांच्या पुरवणीत लिहिला गेला तो १९७७ साली. नियम लिहिला गेला तरी वेढे संपलेले नाहीत. वृत्तपत्रांत ‘नाकेबंदी’ हा शब्द वाचताना आम्हांस मात्र १९१९ ची ती वर्गणी आठवते. तिच्यासाठी दिवस नेमला होता २८ डिसेंबर, हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण. त्या दिवशी जिंकलेल्या देशांतील आयाबापांपुढेही पेटी फिरविण्यास सांगितले होते, आणि ती शत्रूच्या मुलांसाठी होती. कित्येकांचे स्वतःचे पुत्र त्याच शत्रूशी लढताना पडले होते.